नैवेद्याचे वांगे आणि मनातील किंतु



मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबास भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखविण्याचा कुळाचार आपल्यापैकी पुष्कळ घरांत आहे. कांदेनवमीनंतर वर्ज्य केलेले वांगे त्या दिवशी देवाला अर्पण होऊन मगच आपल्या पानात येते. परंतु अलीकडे बिट्टन मार्केटच्या हाटात तुळतुळीत वांगी पाहिली की काही भगिनींच्या मनात किंतु उभा राहतो. ही वांगी जनुक बदललेली तर नसतील ना? आणि तशी असल्यास ती देवापुढे ठेवावी काय? आमच्या तीर्थरूपांकडे हा प्रश्न वारंवार येतो. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले असले तरी त्यांच्या आज्ञेवरून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, असे छांदोग्य उपनिषद सांगते. या वचनाचा विचार करताना श्रीरामानुजाचार्यांनी अन्नाचे तीन दोष मानले आहेत. पदार्थाच्या मूळ प्रकृतीतला तो जातिदोष, तो ज्याच्याकडून येतो त्याच्या आचरणामुळे लागणारा तो आश्रयदोष, आणि केस, धूळ, घाण यांच्या संसर्गाने होणारा तो निमित्तदोष. आपल्या प्रश्नाची उकल करण्यास हे तीन शब्द पुरेसे आहेत.

प्रथम जातिदोष पाहू. मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाणूचे जनुक वांग्यात घातले असता शेंडे व फळे पोखरणारी अळी ते खाऊन मरते. असे बीटी वांगे महाराष्ट्रातील जालन्याच्या महिको कंपनीने सिद्ध केले. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने त्यास संमती दिली. पुढे देशातील सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यांत आपले नागपूरही होते. आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यास स्थगिती दिली. आपल्या देशात व्यापारी लागवडीस मोकळीक मिळालेले असे पीक एकच, ते म्हणजे २००२ सालापासूनचा बीटी कापूस. मोहरीच्या वाणाचा वाद २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या मतभेदामुळे मोठ्या पीठाकडे गेला. २०१९ साली हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात चोरून लावलेली बीटी वांगी सापडली होती, हेही खरे. तरी तेवढ्यावरून हाटातील प्रत्येक टोपलीवर संशय घेणे न्याय्य नव्हे. मोठे टमाटे, बिनबियांची द्राक्षे पाहूनही लोक बिचकतात; परंतु संकर करून अथवा निवड करून वाण तयार करणे वेगळे, आणि परक्या जीवाचे जनुक घालणे वेगळे.

मग सावध राहावयाचे कोठे? तर तेलाच्या डब्यापाशी. आपल्या निमाडात व विदर्भात पिकणारा कापूस बहुतांशी बीटीच असतो. त्याची सरकी गाळून तेल निघते व पेंड गुरांपुढे जाते. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना या देशांतील सोयाबीनही बहुतेक जनुक बदललेलेच असते आणि बाहेरून येणारे सोयातेल त्याचेच असू शकते. आपल्या माळव्यातील सोयाबीन मात्र तसे नव्हे. ज्यांना हे व्रत पाळावयाचे असेल त्यांनी तयार फरसाण, वनस्पती तूप व मिश्र तेल घेताना वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत आणि नैवेद्यासाठी घाण्याचे तिळाचे अथवा शेंगदाण्याचे तेल वापरावे. तपासून संमत केलेल्या अशा अन्नाने अपाय होतो असे आढळलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणून हे भयाने नव्हे, श्रद्धेने व समजून करावे. आणि जो न पाळील त्यास हिणवू नये.

आता उरलेले दोन दोष. वांग्यावरील अळीसाठी शेतकरी पुनःपुन्हा औषध फवारतो. त्याचा अंश सालीवर राहतो. हा निमित्तदोष जनुकाहून आपल्या अधिक जवळचा आहे. देठ काढून, वाहत्या पाण्यात चोळून भाजी धुणे हेच येथे शौच. आणि आश्रयदोष म्हटला म्हणजे आपण बोट विक्रेत्याकडे दाखवितो. परंतु जी माउली पहाटे गावाहून पाटी घेऊन हाटात येते, तिला चारचौघांत “तुझा माल खोटा” असे ऐकवून, दोन रुपयांसाठी घासाघीस करून आणलेले वांगे नैवेद्याला शुद्ध कसे राहील? तेथे आश्रयदोष विकणाऱ्याचा नसून घेणाऱ्याचा असतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. हाटात गोड शब्दांनी विचारावे, “हे बी कोठले? फवारणी केव्हा झाली?” ठाऊक असेल तर ती सांगेल, नसेल तर पुढल्या खेपेस विचारून येईल. योग्य दाम द्यावा, घरी स्वच्छ धुवावे, आणि मग निःशंक मनाने देवापुढे ठेवावे. वांग्यातील किडके आपण चिरताना टाकून देतो. मनातील किडकेही त्याच वेळी टाकले तर मल्हारी मार्तंड तो नैवेद्य गोड मानून घेईल.

सर्वांचे कल्याण असो.