धाव

अमरावतीहून अकोल्याकडे जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे आमचे गाव लागते. चैत्र सरून वैशाखाची झळ जाणवू लागली, की पेरणीच्या आधीची तजवीज म्हणून गावातल्या सगळ्या बैलगाड्यांची चाके लोहाराच्या अंगणात येऊन पडत. उन्हाने लाकूड आक्रसते, पुठ्ठ्यांचे सांधे उघडे पडतात, आणि पावसाळाभर घट्ट असलेली लोखंडी धाव चाकावर खुळखुळू लागते. ती काढून, किंचित तोकडी करून, पुन्हा चढवावी लागे. लोहार सुतळीने चाकाचा बाहेरचा घेर मोजी, मग तीच सुतळी धावेच्या आतून फिरवी, आणि दोहोंत किती अंतर ठेवायचे हे त्याला कोणत्याही पोथीत पाहावे लागत नसे. धावेभोवती गोवऱ्या रचून त्या पेटवल्या जात. ती लाल झाली की चौघे जण सांडशींनी तिला उचलून जमिनीवर आडव्या टाकलेल्या चाकाभोवती बसवीत, लाकडातून धूर निघे, एखादी ज्वाळा उठे, आणि त्याच क्षणी घागरीमागून घागरी ओतल्या जात. चर्र आवाज विरला की दुसरा एक आवाज येई, लाकडाने कण्हावे तसा: आरे तुंब्यात रुतत असल्याचा. खिळा नाही, डिंक नाही, केवळ आवळ. आणि त्या आवळावर चाक वर्षभर वाहणार.

लोखंडाच्या त्या कड्याला आपली भाषा 'धाव' म्हणते, ही गोष्ट मला फार उशिरा जाणवली. जे बांधते त्याला धावण्याचे नाव देणाऱ्या लोकांना बंधनाचे प्रयोजन कळले होते, असे मी मानतो.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा गावाकडच्या मंडळींत विमानाच्या इंजिनाविषयी बोलणे निघाले आणि माझे मन पुन्हा लोहाराच्या अंगणात गेले. कारण त्या इंजिनाच्या पोटात फिरणाऱ्या चकत्यांवर जी सील बसवतात, तिचे शास्त्र धावेच्या शास्त्राचेच सूक्ष्म रूप आहे. ही सील म्हणजे कचेरीतली लाखेची मोहोर नव्हे. ती बारीक दातांचे वर्तुळाकार कडे असते. फिरता भाग आणि स्थिर भाग यांच्यामधून दाबाखालची हवा निसटू नये म्हणून ती वाट अडवते, आणि तरीही समोरच्या स्थिर भागाला घासत नाही. हे कडे ज्यावर बसायचे त्याहून मापाने किंचित लहान केलेले असते. ते घणाने ठोकून बसवले तर धातूवर ओरखडा उठतो, आणि ओरखडा म्हणजे पुढे कधीतरी पडणाऱ्या भेगेचे बीज. म्हणून कडे सर्व बाजूंनी सारखे तापवतात, कारण एकीकडेच तापले तर ते लंबवर्तुळ होते. किंवा आतला भाग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गारठवून आक्रसवतात. कड्याच्या तोंडाशी हलकी उतरण ठेवतात. आणि एका दमात, वाटेत न थांबता, ते जागेवर सरकवतात, कारण अर्ध्या वाटेत थांबलेले कडे तिथेच जखडते. बसल्यावरही हात सोडून चालत नाही: थंड होताना कडे रुंदीतही आक्रसते व टेकलेल्या खांद्यापासून सुटू पाहते, म्हणून ते निवेपर्यंत दाबून धरावे लागते.

एवढी सावधगिरी कशासाठी, हे एका हिशेबावरून कळेल. तीस सेंटिमीटर व्यासाचे कडे मिनिटाला १२,००० फेरे घेऊ लागले, की त्यातला प्रत्येक ग्रॅम सुमारे चोवीस किलो वजनाच्या ओढीने बाहेर पळू पाहतो. वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते. धातूची सहनशक्ती हे एकच खाते आहे. बसवताना जो ताण त्यात कायमचा कोंडला गेला, तो त्याच खात्यातून वजा होतो, आणि फिरण्यासाठी शिल्लक तेवढी कमी उरते. पण आवळ अगदीच कमी ठेवावा, तर वेगात कडे स्वतःच किंचित फुगते आणि पकड सुटते. म्हणजे निश्चल अवस्थेत जो आवळ अंमळ जादा वाटतो, तोच गतीत नेमका ठरतो.

इथे माझा प्रश्न उभा राहतो, आणि तो धर्माचा प्रश्न आहे. धर्म हा शब्दच धारण करण्याच्या धातूपासून आला. तो धरतो, आवळतो. मग त्या आवळण्यात जे दुःख होते, ते धर्माचे अंग मानावे की बसवणाऱ्याच्या हाताचा दोष? आमच्या आत्याबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या. घरच्यांनी त्यांच्यावर उपास, अलवण, एकभुक्त असे नेम एका महिन्यात घणाखाली बसवावेत तसे बसवले. त्यांनी ते सारे पाळले. पण त्या पाळण्यातच त्यांची सगळी शक्ती खर्ची पडली आणि शिकवण्याची त्यांना असलेली विलक्षण हातोटी कोणाच्याच उपयोगी आली नाही. व्रत मोडले नाही. चाक मात्र फिरलेच नाही. ह्याला धर्म म्हणायला मी तयार नाही.

'तप' ह्या शब्दाचा मूळ अर्थ ताप. पण लोहाराच्या अंगणात तापायचे कोणी? धावेने. लाकडाला ज्वाळा लागू नये म्हणून तर घागरी भरून ठेवलेल्या. नियम घालून देणाऱ्याने स्वतः विस्तवात जावे, विशाल व्हावे, आणि मग दुसऱ्याभोवती यावे. आत्याबाईंच्या बाबतीत मात्र सगळा विस्तव लाकडालाच लावला गेला.

न्याय-वैशेषिकांनी दोन वस्तूंचे संबंध वेगळाले केले आहेत: जो जोडता व तोडता येतो तो संयोग, आणि गुण व गुणी यांच्यासारखा अविभाज्य असतो तो समवाय. तापवून बसवलेले कडे हा संयोगच, कारण पुन्हा तापवले तर ते निघते. तरीही फिरताना ते समवायासारखे वागते. व्रताचेही तसेच असावे असे मला वाटते. ते स्वभाव होऊन जावे, हा आग्रह मला पटत नाही; ते निघू शकते हे ठाऊक असून गतीत निघत नाही, यातच त्याची खरी किंमत आहे.

गतीची ही बाब वऱ्हाडच्या भूमीने फार पूर्वी ओळखली होती. रिद्धपूर हे ज्यांचे मोठे क्षेत्र, त्या महानुभावांच्या संन्यासधर्मात अटन, म्हणजे एका जागी न राहता सतत फिरणे, हा आचाराचाच भाग आहे. आणि अलीकडचे उदाहरण घ्यायचे, तर १८७६ साली शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा. अंगावर चिंध्या, खायला मातीचे गाडगे, हाती खराटा. इतरांसाठी धर्मशाळा बांधायच्या आणि स्वतः त्यांत राहायचे नाही. एका जागी बसलेल्या माणसाने हा नेम धरला असता, तर तो आवळाने पिचला असता. बाबांच्या अंगावर तो जड वाटल्याचे कुठे दिसत नाही, कारण १९०५ साली घर सोडल्यापासून ते थांबलेच नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांचा देह पडला, तोही प्रवासात.

आमच्या अंगणात आता एक जुने चाक भिंतीला टेकून उभे आहे. गेल्या वैशाखात धाव इतकी सैल झाली, की नातवाने ती हाताने फिरवून दाखवली. आश्विनात, पाऊस पिऊन लाकूड फुगल्यावर, ती पुन्हा हलेनाशी झाली.