घरातलं औषधदान

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. पर्वात पावती फाडताना औषधदानाला आपला हात कधी आखडत नाही. मग घरच्याच लेकराला औषधाची गरज पडली, तेव्हा मी आणि माझ्या धाकट्या जावेनं आठ महिने का घालवले, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

पुतणी तेव्हा दहावीत होती. सकाळी उठायला नको, ताटातलं अर्धं तसंच. आवडती रंगपेटी माळ्यावर गेली. मैत्रिणी आल्या की, "झोपलीय म्हणून सांगा." आम्ही आधी वयाला दोष दिला, मग मोबाईलला. दृष्टही काढून झाली. मी बी. ए. झालेली बाई; तिला समोर बसवून विचारलं, "तुला काय कमी आहे गं?" ती म्हणाली, "तेच तर कळंना, काकू."

जाऊ म्हणाली, "अक्का, बाहेर बोलू नका. मुलीची जात. उद्या स्थळं यायची आहेत." मी मान हलवली. "दहावी होऊ दे, मग बघू," हे वाक्य मात्र माझंच.

आम्हाला ती माया वाटत होती. पण विचार करा, तिचा हात मोडला असता तर परीक्षेपर्यंत थांबलो असतो का? कुणी म्हणतं, कर्माचा उदय आहे, भोगलंच पाहिजे. ताप आला की आपण असं म्हणत नाही, मुकाट्यानं डॉक्टरकडे जातो. मग मनाच्या दुखण्यालाच हा नियम कुठून आला? हात न उचलता, नुसतं गप्प बसूनही हिंसा घडते, हे मला फार उशिरा कळलं.

असं घर आमचं एकट्याचं नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी सुमारे ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार दिसला. डॉक्टर मोजके, तेही शहरांत. आम्हा सीमाभागातल्यांची आणखी एक अडचण म्हणजे भाषा. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी. दुःख कुठल्या भाषेत सांगायचं? पहिल्या समुपदेशक बाई इंग्रजीत विचारत होत्या. पोरगी "फाईन" म्हणून उठून आली. मग ओळखीचं कुणी बघू नये म्हणून आम्ही कोल्हापूर गाठलं. तिथल्या बाई मराठीत बोलल्या आणि पोरगी तासभर रडत रडत बोलली. लपायला गेलो आणि भाषा सापडली!

उपचारानं गुण येतो का, हा तुमचाही प्रश्न असेल. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ नैराश्यग्रस्त मुलामुलींचा एक मोठा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनी औषध आणि बोलण्याचा उपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसत्या औषधानं ६१, नुसत्या बोलण्यानं ४३ आणि औषध नसलेल्या दिखाऊ गोळीनं ३५ टक्के. पुढे ३६ आठवड्यांनी पाहिलं, तर खरे उपचार घेणाऱ्या तिन्ही गटांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं सुधारली होती. ३६ आठवडे म्हणजे साधारण आठ महिने. आम्ही वाट बघण्यात घालवले तेवढेच.

सगळ्यांनाच गुण येत नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. गोळीचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत काही मुलांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. मूल "जगायला नको" म्हणालं तर एक दिवसही थांबू नये. बरं वाटलं म्हणून मनानं गोळी बंद करणं ही दुसरी चूक. जावेनं ती केली. पोरगी हसायला लागली म्हणून दोन महिन्यांत गोळ्या थांबवल्या आणि पुन्हा तोच अंधार. सुधारल्यावरही बरेच महिने औषध चालू ठेवायचं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या कानात शिरलं नव्हतं.

बिहारमधल्या शाळांत एक प्रयोग झाला. तेच काम काही शाळांत शिक्षकांना दिलं, काही शाळांत थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांना. मुलांची उदासी या साध्या माणसांच्या शाळांत कमी झाली, शिक्षकांच्या नाही. मला वाटतं, गुण देणाऱ्यापुढे मूल मन मोकळं करत नाही. आपण आयाही दिवसभर गुणच देत असतो की! म्हणून कधी कधी ऐकणारा कान बाहेरचा लागतो. सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ वर फुकट बोलता येतं, मराठीतही.

पोरगी आता कॉलेजात आहे. वाईट दिवस अजून येतात, पण ती आता सांगते. हे लिहू का म्हणून तिला विचारलं. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाव नको, काकू. पण ते आठ महिने तेवढे नक्की लिहा."