बसलं म्हणजे जुळलं नव्हे

खाली बस. तो मोबाइल आधी खिशात घाल, त्यात बघून काम केलंस म्हणून तर ही वेळ आली.

हाउसिंग पाट्यांवर टेकलं, यू-बोल्ट बसले, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस लागला, एवढ्यावर तू वाशिमभर सांगत सुटलास की आजोबांच्या जीपचा मागचा एक्सल मी एकट्यानं बदलला. बदललास, मान्य. दाते मोजलेस का? विचारलं तर म्हणतोस, "सर, बोल्टाची भोकं तर सारखीच होती." भोकं सारखी असणारच रे! बाहेरचा साचा वर्षानुवर्षं तोच राहिला, आतलं क्राऊन-पिनियन बदलत गेलं. बाहेरून हात फिरवून आतलं कळत असतं तर आयटीआयमध्ये दोन वर्षं तुझ्यामागे घसा कशाला कोरडा केला असता मी?

तुझी गाडी कोणती, हे तरी तुला ठाऊक आहे का? नुसतं 'जुनी जीप' म्हणू नकोस. ती सीजे-३बी आहे. विलीसनं अमेरिकेत टोलेडोच्या कारखान्यात १९५३ ला ती काढली आणि तिथे ती १९६८ ला बंद झाली. आपल्याकडे महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलीसच्या जीपची जुळणी सुरू केली होती, आणि अमेरिकेत बंद पडलेलं हे मॉडेल इथे पुढेही निघत राहिलं. म्हणून तिचे भाग आजही भंगारात सापडतात, आणि म्हणूनच फसगतही होते. एकाच ढिगात कुठली पेट्रोल जीप, कुठली डिझेल, कुठली टू-व्हील, कुठली रुंद चाकपट्ट्याची, सगळं एकावर एक पडलेलं असतं. त्यातून निवडायचं डोक्यानं, किमतीनं नव्हे. तू निवडलंस किमतीनं.

आता ऐक. तुझ्या जीपचा पुढचा एक्सल मूळचाच आहे. त्यात क्राऊनला ४३ दाते, पिनियनला ८. भागाकार कर. ५.३८. तू आणलेल्या हाउसिंगचं झाकण मी काल उघडायला लावलं, तेव्हा आत काय निघालं? ३९ आणि ८. म्हणजे ४.८८. ट्रान्सफर केस पुढच्या आणि मागच्या शाफ्टला सारख्याच फेऱ्या देते, मध्ये कुठलंही डिफरन्शियल नाही. मग पुढची चाकं शंभर फूट चालतात तेव्हा मागच्या चाकांना एकशे दहा फूट जायचं असतं. वेगळ्या चालीचे दोन बैल एका जुवाखाली जुंपलेस तू. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चाक घसरून हा तंटा मिटवतं. डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून लोखंड पिळतं. मालेगावच्या रस्त्यावर तू हौसेनं फोर-व्हीलचा दांडा ओढलास आणि तो परत निघेना, त्याचं कारण हे. दांड्यात काही बिघाड नव्हता. आणि त्यावर लाथ मारून तो सोडवायचा, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही.

हे सगळं कशासाठी, तर समृद्धी महामार्गावर गाडी जोरात पळावी म्हणून! तुझ्या हौसेचा हिशेब मीच करून देतो. सोळा इंची रिमवर सहाचं टायर, इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्या, टॉप गियर. मूळ दात्यांवर ताशी सुमारे ७५ किलोमीटर, या नव्यावर सुमारे ८३. आठ किलोमीटर! एवढ्यासाठी ओढ सुमारे नऊ टक्क्यांनी घालवलीस, फोर-व्हील निकामी केलंस, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली उघडी गाडी ताशी १२० च्या गाड्यांच्या रांगेत नेऊन उभी करणार होतास. ५.३८ हा आकडा शेतातून, नाल्यातून, चढावरून ओझं ओढण्यासाठी ठरवला होता. तुझे आजोबा सोयाबीनची पोती भरून जिथून ती बाहेर काढायचे, तिथून तू आज रिकामी तरी काढून दाखव.

बरं, हाउसिंग न उघडता दाते कळत नाहीत असं म्हणू नकोस. ज्या गाडीचं हे हाउसिंग, ती ढिगाशेजारी उभी होती ना? मग सोपं होतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. गियर न्यूट्रल, फोर-व्हील काढलेलं. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, खाली घोडी द्यायची, दुसरं चाक जमिनीवर. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची एक रेघ, टायरवर एक. मग उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक थांबलेलं असलं की क्राऊनचा एक फेरा व्हायला दुसऱ्या चाकाचे दोन लागतात, म्हणून दोन. शाफ्ट पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त फिरला, तर ५.३८. पाचाला थोडा कमी पडला, तर ४.८८. पाच मिनिटांचं काम आणि खडूचा एक तुकडा.

दगड लावायचे म्हटलं ते उगाच नाही. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर आहे. तो ओढलेला असेल तर शाफ्ट फिरणारच नाही, म्हणून मोजताना सोडावा लागतो. आणि ओढून ठेवलास तरी एक चाक हवेत असताना तो गाडी धरत नाही, डिफरन्शियलमधून ती सरकते. शाफ्ट उतरवलास तर हँडब्रेक नावालाच राहतो. तू शाफ्ट उतरवून, नुसत्या जॅकवर, उताराच्या अंगणात गाडीखाली झोपला होतास. तुझ्या आईनं मला हे सांगितलं तेव्हा मला पुढचं ऐकवेना.

आता हबकडे ये. हातोडीनं काढलास ना? एक्सल शाफ्टचं टोक फुलून पसरलंय, आटे गेलेत, खोटं बोलू नकोस. जुन्या जीपचा शाफ्ट टोकाला निमुळता आहे, त्यावर हब चावीनं अडकतो आणि नटानं आवळला जातो. तो पुलरनंच काढायचा. शाफ्टच्या टोकावर घण घातलास की तो मार आत जातो, दोन शाफ्टांच्या मधल्या ठोकळ्यापर्यंत आणि बेअरिंगांपर्यंत. परत बसवतानाही तू नट 'हाताला घट्ट लागला' म्हणून सोडलास. टॉर्कपाना कपाटात आहे, मागायची लाज वाटली का? निमुळत्या शाफ्टवर नट ढिला राहिला की सगळा भार त्या बोटाएवढ्या चावीवर येतो. आधी ती कापली जाते, मग शाफ्ट खाचेपाशी तुटतो. आणि या एक्सलमध्ये शाफ्ट तुटला की चाक ड्रमसकट बाहेर निघतं, कारण चाक त्या शाफ्टावरच उभं आहे. याच अवस्थेत तू घरच्यांना बसवून पोहरादेवीला जाऊन आलास.

क्राऊन-पिनियन हे जोडीनं घासून जुळवलेलं असतं. दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, तो जुळला नाही तर विकत घेऊच नये, फुकट मिळालं तरी. बेअरिंगच्या टोप्यांवर खुणा असतात. डावी उजवीकडे लावायची नाही, कारण त्या हाउसिंगला लावूनच आतून कापलेल्या असतात. शिम काढल्या त्याच जागी परत, आणि तरीही दात्यांमधला खेळ डायल गेजनं बघायचा. तो काही थाउंचाच असतो, बोटानं हलवून कळत नाही. मग दात्यांना निळा रंग लावून फिरवायचं आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं: दात्याच्या मध्यावर हवा. टोकाला किंवा मुळाशी गेला की हूं-हूं आवाज सुरू होतो आणि दाते खराब होतात. तुझी गाडी चाळीसच्या वर गेली की जो आवाज करते, तो 'जुनी आहे, करणारच' म्हणून तू कानाआड केलास. जुन्या गाडीनं गप्प चालावं म्हणूनच तर हे सगळे आकडे पुस्तकात छापलेत. आणि तेल? ट्रॅक्टरच्या डब्यातलं उरलेलं ओतलंस. हायपॉइड दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. त्यांना ९० नंबरचं ईपी तेलच लागतं.

हाउसिंगच्या फुगीर गोळ्याचं तरी नशीब. ट्रान्सफर केसची मागची फिरकी उजवीकडे सरकलेली आहे, म्हणून हाउसिंगचा गोळाही उजवीकडेच हवा. मधोमध गोळ्याचं हाउसिंग उचललं असतंस तर शाफ्ट तिरका लागून दर महिन्याला क्रॉस खाल्ला असता. तुझं जुळलं ते योगायोगानं.

कागदांचंही सांगतो. ही गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, हेही त्यातच आहे. तिचं नोंदणीचं पुस्तक अकोल्याचं आहे, कारण तेव्हा वाशिम हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९९८ ला झाला. ते पुस्तक फाटू देऊ नकोस. आजोबांच्या सहीचा तो कागद तू हवा भरायच्या पंपाखाली ठेवला होतास, मी बघितलं.

मला राग येतोय तो तुझ्या हाताचा नाही. तुझा हात चांगला आहे, म्हणूनच येतोय. ज्याला काही येत नाही त्याला मी इतका वेळ देत नाही. तुला येतं, आणि तरी तू अंदाजावर चाललास.

उद्या सकाळी आठला ये. मूळचं हाउसिंग अजून परसात पडलंय ना, विकलं नाहीस ना? ते घेऊन ये. आधी नुसतं रॉकेलनं धुवायचं, मग मोजायचं, आणि मी वहीत आकडे लिहून घेतल्याशिवाय एकाही पान्याला हात लावायचा नाही. पुलर मी देतो. हातोडी घरीच ठेव.