सुरी, वीज आणि एहसान

वाचकहो, नांदेड असो वा लातूर, चिकनच्या दुकानासमोर आपण एकच प्रश्न विचारतो : ‘हलाल आहे ना?’ होकार मिळाला की आपले समाधान होते. हा प्रश्न आवश्यकच आहे. पण तो पुरेसा आहे काय?

मोठ्या यांत्रिक कत्तलखान्यांत कोंबड्यांना पायांनी आकड्यांवर उलटे टांगतात, त्यांची डोकी वीज सोडलेल्या पाण्यातून नेतात आणि मग गळा कापतात. पक्षी बेशुद्ध व्हावा, त्याला वेदना होऊ नयेत, हा यामागील हेतू. त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु प्रवाह कमी पडला तर पक्षी शुद्धीवरच राहतो आणि अधिक झाला तर सुरी लागण्यापूर्वीच त्याचे हृदय बंद पडू शकते. दिव्य कुरआनच्या सूरह अल्-माइदाच्या ३ऱ्या आयतीत मृत, गळा आवळून वा आघाताने मेलेले जनावर निषिद्ध ठरविले आहे. जिवंत असताना जिबह केले गेले तेवढाच अपवाद. म्हणूनच १९९७ साली जेद्दा येथे भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मोठ्या जनावरांच्या बाबतीत अटींसह मुभा दिली, पण कोंबड्यांना विजेचा झटका देणे अमान्य केले. कारण त्यांतील बऱ्याच जिबहपूर्वीच मरतात. पक्षी मरत नसेल तर सौम्य प्रवाह चालेल, असे मानणारे विद्वानही आहेत. मात्र सुरी फिरते त्या क्षणी जीव असलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही.

आता स्वतःकडे वळू या. वीज नाकारल्याने आपली जबाबदारी संपत नाही, उलट वाढते. बेशुद्धी नको म्हणणाऱ्याने वेदना कमी करण्याचा भार आपल्या हातावर घेतलेला असतो. सहीह मुस्लिममधील शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसनुसार अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीती, बंधनकारक केली आहे, जिबह करतानाही सुरीला धार लावावी आणि जनावराला आराम द्यावा. जनावरासमोरच सुरी परजणाऱ्याला आदरणीय प्रेषितांनी (स.) खडसावले, की त्याला दोनदा मारायचे आहे काय?

आणि आपल्याकडे? मे महिन्याच्या उन्हात टेम्पोवर खच्चून भरलेले क्रेट, पाय बांधून दुचाकीला लटकवलेल्या कोंबड्या, बोथट सुरी, पाहत उभे असलेले इतर पक्षी, आणि तडफड थांबण्याआधीच ड्रममध्ये फेकलेला देह. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम २८ धर्माने सांगितलेल्या पद्धतीने जीव घेणे गुन्हा मानत नाही. पण ही सवलत पद्धतीला आहे, निष्काळजीपणाला नव्हे. एका जनावरादेखत दुसरे कापू नये, असे २००१ चे कत्तलखाना नियमही सांगतात.

आपल्या गावगाड्यात जिबहचे काम मुलाण्याकडे असे. ते केवळ हाताचे काम नव्हते; अल्लाहचे नाव घेऊन त्याच्या निर्मितीचा जीव घेण्याची ती जोखीम होती. ती जोखीम आज दुकानदाराइतकीच गिऱ्हाइकाचीही आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दुसरा प्रश्नही विचारा : ‘सुरीला धार आहे ना? बाकीचे पक्षी आडोशाला आहेत ना?’ आणि जीव पूर्ण जाईपर्यंत चार क्षण थांबा. ‘बिस्मिल्लाह’ उच्चारणाऱ्या जिभेची साक्ष हातानेही द्यावी, अशी सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.