रांजणातले खडे



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक ३० आणि ३१, आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या.

भगवंत अर्जुनाला सांगतात की माणूस कितीही वाईट वागलेला असो, तो अनन्यभावाने माझ्याकडे वळला तर त्याला साधूच मानावं, कारण त्याचा निश्चय आता योग्य झाला आहे. तो लवकरच धर्मात्मा होतो आणि त्याला शांती मिळते.

हे वाचताना आपल्याला बरं वाटतं, कारण दुराचारी म्हणजे आपल्यासारखेच कुणीतरी, असं आपण धरून चालतो. रागावणारे, खोटं बोलणारे, नामाला दांडी मारणारे. पण श्लोकातला शब्द आहे 'सुदुराचार'. म्हणजे टोकाचा. मग त्यात बलात्कार करणारा येतो का? लहान मुलीच्या अंगाला हात लावणारा येतो का? शब्द पाहिला तर येतो, त्याला अपवाद केलेला नाही. मग पुढचा प्रश्न येतोच. अशा माणसाला सौम्य शिक्षा द्यावी, असं गीता सांगते का?

आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचे २०२१ मधले दोन निकाल शेजारी ठेवून बघूया. शिक्षा दोन्हींत कमी झाली.

पहिला नागपूर खंडपीठाचा, १९ जानेवारीचा. पेरू देतो म्हणून एका माणसाने १२ वर्षांच्या मुलीला घरात नेलं आणि तिच्या छातीला हात लावला. सत्र न्यायालयाने पॉक्सो कायद्याखाली त्याला ३ वर्षांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने म्हटलं की स्पर्श कपड्यांवरून झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पॉक्सोमधला 'लैंगिक हल्ला' यात बसत नाही. शिक्षा कडक आहे तर पुरावाही तितकाच कडक हवा, असा त्यामागचा युक्तिवाद. पॉक्सोचं कलम गेलं, विनयभंगाचं राहिलं आणि शिक्षा १ वर्षावर आली. देशभर गदारोळ झाला. १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. महत्त्व त्वचेच्या स्पर्शाला नाही, त्यामागच्या लैंगिक हेतूला आहे, असं सांगून ३ वर्षांची शिक्षा परत लावली.

दुसरा निकाल त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, २५ नोव्हेंबरला. प्रकरण शक्ती मिलचं. मुंबईत २०१३ मध्ये एका तरुण छायाचित्र-पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला होता. तिघांना २०१४ मध्ये फाशी सुनावली गेली, कारण त्याच जागी त्यांनी आधीही असा गुन्हा केला होता. उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. एक कारण असं दिलं की मृत्यू पश्चात्तापाची शक्यताच संपवतो, त्यांनी केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप करत जगावं. पण त्याच निकालात हेही सांगितलं की त्यांना पॅरोल नाही, फर्लो नाही, समाजात परत मिसळणं नाही.

आता वाल्या कोळ्याची गोष्ट आठवा. लहानपणापासून ऐकलेली आहे. प्रत्येक हत्येमागे एक खडा, असे सात रांजण भरलेले. नारद भेटले, घरच्यांनी पापात वाटा घ्यायला नकार दिला, आणि तो नामाला बसला. या गोष्टीत नारद एक काम करत नाहीत. ते रांजणातले खडे काढून टाकत नाहीत. 'अरे, यातले निम्मे तर चुकून पडलेत' असंही म्हणत नाहीत. उलट हे सगळे खडे कुणाचे, हाच प्रश्न ते वाल्यासमोर ठेवतात. उत्तर 'माझेच' असं आल्यावर मग नाम सुरू होतं.

नागपूरच्या निकालाने खडे कमी केले. मुलीवर जे घडलं ते कायद्याच्या नजरेत लहान करून टाकलं. शक्ती मिलच्या निकालाने शिक्षा बदलली, पण रांजण भरलेलेच ठेवले. आयटीवाल्यांना पटकन कळेल. बगची सिव्हिरिटी क्रिटिकलवरून मायनर केली की डॅशबोर्ड हिरवा दिसतो, पण बग तिथेच असतो.

गुन्हा छोटा करणं ही दया नाही. त्यात मुलीवर तर अन्याय होतोच, पण त्या माणसाचाही पश्चात्तापाचा रस्ता बंद होतो. जे फारसं घडलंच नाही, त्याचा पश्चात्ताप कसा होणार?

ज्ञानदेवांनी या श्लोकावर लिहिताना अनुतापाला तीर्थ म्हटलं आहे. आपण नाशिककर, रामकुंडावर वाढलेले. तीर्थात स्वतःलाच उतरावं लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. न्यायालय कुणाला अनुताप देऊ शकत नाही आणि वकील तो मागून आणू शकत नाही. श्लोकात 'साधू मानावं' असं आहे, 'सोडून द्यावं' असं कुठेही नाही. ज्याला खरा अनुताप झाला, तो आधी शिक्षेची घासाघीस करेल असं मला वाटत नाही. देव त्याला जवळ घेईल, बराकीतही घेईल. त्यासाठी फाटक उघडावं लागत नाही.

मग तुरुंग सुधारणा नकोच का? हवीच. नागपूरचा तो माणूस ३ वर्षांनी कुठल्या तरी गल्लीत परत येणारच. ती ३ वर्षं त्याने फक्त भिंत बघत काढली, तर पुढच्या मुलीचं काय? महाराष्ट्र कारागृह विभागाचं ब्रीदच 'सुधारणा व पुनर्वसन' आहे. आपल्या नाशिकरोडच्या जेलमध्ये कैदी गणेशमूर्ती घडवतात आणि लोक त्या विकत नेतात. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने १९३९ मध्ये खुलं कारागृह सुरू केलं. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच आला. आणि विनोबांची 'गीता प्रवचने' तर १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगातच सांगितली गेली. समोर बरेचसे सत्याग्रही होते हे खरं, पण गीता जेलच्या भिंतींना बिचकत नाही, एवढं त्यातून कळतं. काम, शिक्षण, समुपदेशन, स्वच्छ बराक, हे सगळं कैद्याला मिळावं. यातलं काहीही देताना त्याचा गुन्हा लहान करावा लागत नाही.

एक गोष्ट आपल्या भक्तमंडळींसाठी, थोडी कडू. डेरा सच्चा सौदाच्या प्रमुखाला २०१७ मध्ये दोन साध्वींवरच्या बलात्कारासाठी २० वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर तो अनेकदा पॅरोल-फर्लोवर बाहेर आला आणि २०२२ मध्ये त्याने बाहेर असताना ऑनलाइन सत्संगही घेतला. तो सत्संग ऐकायला लोक होते. उद्या कुणी अशा माणसासाठी याच श्लोकाचा दाखला दिला, तर एवढंच विचारा: 'केलं, ते माझंच' असं तो म्हणाला का?

वाल्याच्या गोष्टीत एक जागा मात्र रिकामी आहे. ज्यांना त्याने मारलं, त्यांच्या घरी पुढे काय झालं, हे कुणी सांगत नाही. आपण ती जागा रिकामी ठेवू नये. देवाची क्षमा देवाची. त्या मुलीच्या वतीने क्षमा करायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. तिने क्षमा केली नाही, तर तिची भक्ती कमी पडली असंही कुणी म्हणू नये.

आज जप झाल्यावर पाच मिनिटं बसा. आधी जिच्यावर अन्याय झाला तिच्यासाठी प्रार्थना करा. मग, जमलं तर, ज्याने केला त्याच्यासाठी. पसायदानात माउलींनी दुष्टांचा वाकडेपणा जावा, असं मागितलं आहे. तो वाकडेपणा होता, हे त्या मागण्यातच मान्य केलेलं आहे.

उद्या श्लोक ३२.

राम कृष्ण हरी.