कोठाराची किल्ली

गेल्या वारीत मुक्कामावर पंगत उठल्यावर एका तरुण वारकऱ्याने विचारले, "महाराज, राष्ट्र बलवान कशाने होते? सैन्याने, पैशाने की अणुबॉम्बने?" मी म्हटले, "माउली, ही बळे खरीच. पण आत्ता तू जेवलास, तो घासही हिशेबात धर." तो हसला. मी मात्र विनोद केला नव्हता.

१९६५ साल आठवा. पावसाने ओढ दिली, त्यातच पाकिस्तानशी युद्ध झाले. जवान कमी पडले नाहीत, पण कोठारात धान्य कमी पडले. 'पीएल ४८०' योजनेखाली अमेरिकेचा गहू जहाजांनी यायचा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तो थोडाथोडा, अडवून सोडायला सुरुवात केली. भारताने स्वतःची शेती सुधारावी, हा त्यात हेतू होता. आणि व्हिएतनामवरील बॉम्बफेकीला भारत नावे ठेवतो, हा रागही होता. त्या काळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन देशाला केले. एकादशी करणाऱ्यांना उपवासाचे नवल नाही. पण हा उपवास मान ताठ राहावी म्हणून होता.

त्या गव्हाने आपली कोट्यवधी माणसे जगली, हे उपकार विसरू नयेत. मात्र देणाऱ्याचा हात घासावर असला, की घेणाऱ्याच्या जिभेवरही तो येतो.

पुढे १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी धीर धरला, स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ राबले, शेतकऱ्यांनी घाम गाळला. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले. त्यांना आपण आसरा आणि अन्न दिले. डिसेंबरात युद्ध पेटले, तेव्हा अमेरिकेने मदत रोखली, बंगालच्या उपसागराकडे आरमार धाडले. देश डगमगला नाही. त्यात जवानांचे शौर्य होते, रशियाशी केलेला करार होता. आणि सहा वर्षांपूर्वीपेक्षा भरलेले कोठारही होते.

मग कोठार भरले की झाले का? नाही. खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. कोठार बेदरच्या बादशहाचे, किल्ली पंतांच्या हाती, आणि दारात दुष्काळाने गांजलेली माणसे. पंतांनी शिक्षेची पर्वा न करता दार उघडले. किल्ली हाती असणे ही सत्ता. भुकेल्यासाठी ती फिरवणे हे सामर्थ्य. बादशहाची सत्ता मोठी होती, पण विठोबा धावला तो दामाजींसाठी.

आज जगात सर्वाधिक तांदूळ निर्यात करणारा देश आपला आहे. म्हणजे किल्ली आता आपल्या हाती आहे. २०२२ मध्ये आपण अफगाणिस्तानला गहू पाठवला. तिथल्या राजवटीला आपली मान्यता नव्हती, आणि वाट पाकिस्तानातून होती. तरी ट्रक गेले. २०२३ मध्ये देशात भाव वाढू नयेत म्हणून बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा दूरच्या गरीब देशांना घोर लागला. घरातल्या लेकरांचा विचार आधी करावाच लागतो. पण दार लावताना बाहेर कोण उभे आहे, हे पाहण्याचे भान सुटू नये. १९६५ मध्ये त्या दाराबाहेर आपणच उभे होतो.

म्हणून त्या तरुणाला मी एवढेच सांगितले: ज्याच्यापुढे दुबळा देश थरथरतो, तो देश बलवान दिसतो. ज्याच्या दारी दुबळा देश मान खाली न घालता येऊ शकतो, तो खरा बलवान. आपल्या पंगतीत वाढणारा समोरच्याचे गाव विचारत नाही, आणि जेवल्यावर जयजयकारही मागत नाही. राष्ट्रालाही एवढे साधले, तर पुरे.

रामकृष्ण हरी!