बव्हेरियातला ईस्टर

परदेशात लहान मुलांना घेऊन सण करताना पहिली उणीव भासते ती माणसांची. वसईतल्या ख्रिस्ती घरात ईस्टरला आजी-आजोबा, काका, आत्या असा गोतावळा आपोआप जमतो. जर्मनीतल्या बव्हेरियात तो कुठून आणायचा? पण तिथल्या चर्चकडे मुलांना देण्यासारखं पुष्कळ आहे.

पवित्र गुरुवारच्या मिस्सात ‘ग्लोरिया’ झाला की घंटा थांबतात. मग अनेक गावांत मुलंच करकरणारी लाकडी वाद्यं घेऊन प्रार्थनेची वेळ सांगत गल्लोगल्ली फिरतात. शनिवारी रात्री चर्चबाहेर अग्नी पेटतो, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात आणि काळोख्या चर्चमध्ये ती ज्योत हातोहात पसरते. पाच वर्षांच्या पोराच्या बोटांवर मेण ओघळतं, तरी तो मेणबत्ती सोडत नाही. पुन्हा ग्लोरिया, आणि सगळ्या घंटा एकदम! मग टोपल्यांतली रंगीत अंडी, पाव, मीठ आणि कोकराच्या आकाराचा केक आशीर्वादासाठी पुढे येतात.

त्या रात्री समुद्र दुभंगल्याची मोशेची कथा वाचतात. आईबाबांनी ती आधी घरी मराठीतून सांगावी, असं मला फार वाटतं. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ त्यासाठी उत्तम. चार ओळी वाचाव्यात, प्रश्न येऊ द्यावेत. ‘मग मासे कुठे गेले?’ हेही मुलं विचारतीलच.

एप्रिलात तिथले सकाळचे नऊ म्हणजे वसईतले दुपारचे साडेबारा. पंगत बसण्याआधी फोन लावावा आणि ती कथा पोरानेच आजीला सांगावी.